ट्रॉलरने तळ खरवडला जातो म्हणजे नेमकं काय होतं?

भरतीओहोटी (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात मासळीच्या भावावर निघालेल्या धाग्यात "ट्रॉलरवाले पिल्लं मारतात, म्हणून पापलेट महागलं" यावर भरपूर हाणामारी झाली. सगळी भांडणं जाळ्यात काय आलं यावरून. जाळं जिथून ओढलं त्या जमिनीचं पुढे काय होतं, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. तेवढ्यासाठी हा वेगळा धागा. मत्स्यशास्त्र शिकले आहे, आता नोकरी दुसरीकडे करते, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची सक्ती माझ्यावर नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर लागलेला असला की त्याच्या मागच्या अंगाला टांगलेल्या दोन जड फळ्या जवळून बघा. वरचा भाग गंजून तांबडा झालेला असतो आणि तळची लोखंडी पट्टी मात्र चकचकीत. ती कोणी घासून ठेवत नाही. तळावरून तासन् तास घासत गेल्यामुळे ती तशी होते, आणि झिजली की बदलावी लागते. झीज एकट्या लोखंडाची होत नाही, हे कळायला शास्त्रज्ञ असायची गरज नाही.

ज्यांनी हे जाळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: बोट पुढे जाते तशा पाण्याच्या दाबाने या दोन फळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात. वरच्या दोराला फ्लोट, खालच्या दोराला शिसं आणि साखळी. साखळी तळावर आपटत गेली की गाळात दडलेली कोलंबी उडी मारून वर येते आणि जाळ्यात जाते. शेवटी पिशवी, म्हणजे खोला. ताशी तीन सागरी मैलांच्या वेगाने तीन तास ओढलं तर एका ओढीत साधारण १७ किलोमीटर लांबीचा पट्टा होतो. दिवसातून अशा कित्येक ओढी.

आता त्या पट्ट्यात असतं काय? आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात "प्रवाळ असेल तर नुकसान, नुसता चिखल असेल तर काय बिघडतं" असं असतं. कोकणासमोरच्या उथळ समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी गाळाचाच आहे. पण तो रिकामा नाही. त्यात नळ्या करून राहणाऱ्या अळ्या, बिळं करणाऱ्या कोलंब्या, शिंपले, बारीक हातांचे तारामासे, पिसासारखे उभे राहणारे सी-पेन असतात. बिळांमधून प्राणवायू गाळात खोलवर जातो. अळ्यांच्या नळ्या वरचा थर धरून ठेवतात. लेपा, ढोमा, कोलंबी यांचं जेवण हेच. साखळी गेली की वरचे काही सेंटिमीटर उलटेपालटे होतात, बिळं बुजतात आणि गाळाचा ढग उठून बाजूच्या कालवं-शिंपल्यांच्या कल्ल्यांवर बसतो.

२०१७ मध्ये जगभरच्या अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात फळ्यांचं ट्रॉल जाळं सरासरी २.४ सेंटिमीटर खोल जातं आणि एका फेरीत तळावरच्या जिवांचं ६ टक्के वस्तुमान कमी करतं असं निघालं. पाण्याचा फवारा मारून शिंपले उकरणारी ड्रेज १६ सेंटिमीटर जाते आणि ४१ टक्के घेऊन जाते. ओढणं थांबवलं तर निम्म्यापासून ९५ टक्क्यांपर्यंत भरून यायला १.९ ते ६.४ वर्षं.

माझं म्हणणं एवढंच, की "ट्रॉलिंग चांगलं की वाईट" या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या तळावर, किती वेळा आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात ओढलं, हे विचारलं तर उत्तर मिळतं. आणि ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आकडेमोड

वाचतोय, पण एक शंका. ६ टक्के म्हणजे फारच कमी झाले की हो. एवढ्यावरून इतका गदारोळ?

भरतीओहोटी

@आकडेमोड, ६ टक्के दर फेरीला. तुमच्या नावाला जागा आणि कॅल्क्युलेटर घ्या. ०.९४ चा दहावा घात काढा. ०.५४ येतो. म्हणजे त्याच जागेवरून, भरून यायच्या आत, दहा वेळा ओढलं तर ४६ टक्के गेले. कोलंबीची जागा सापडली की बोटी त्याच जागेवर पुन्हा पुन्हा जातात, हे कुठल्याही खलाशाला विचारा.

शिवाय सरासरीत एक गोष्ट लपते. बारीक अळ्या काही महिन्यांत परत येतात. हळू वाढणारे, उभे राहणारे, जास्त जगणारे जीव, म्हणजे स्पंज, समुद्रपंखे, मोठे शिंपले, पहिल्या काही फेऱ्यांतच जातात आणि मग वर्षानुवर्षं येत नाहीत.

आकडेमोड

घात काढला. बरोबर आहे. गप्प बसतो.

देवबागचो_न्हयवालो

बरो धागो काढलास गो बाये.

आमी न्हयवाले. न्हय म्हणजे दर्यात सोडून ठेवची जाळी. सांजेक जाळी सोडून येतों आनी फाटेक वडूक जातों. ट्रॉलर वरसून गेलो की जाळा तुटान जाता. तक्रार करूक गेलों तर एक हापीस म्हणता दुसऱ्या हापिसात जावा, थंयसर गेलों तर म्हणतत बोटीचो नंबर दी. काळोखात नंबर कसो दिसतलो?

आता तळाची गजाल. आमच्या बापाशीच्या वक्ताक खडपाच्या (खडकाच्या) कडेक शेवंड (लॉबस्टर) मेळायची, पावण्यांक वाढण्याइतकी. आता खडप असा, शेवंड नाय. खडपार ट्रॉलर येवचो नाय, जाळा फाटतला, ह्या भियानच तो लांब रवायचो. आता जीपीएस इला, फिशफायंडर इलो. खडपाचो काठ त्येंका बरोबर म्हायत. अगदी कडेसून वडत जातत. काठाची जी रेती असता, थंयच तर बारकी मासळी रवता.

दर्याचा_लेक

माझे दोन ट्रॉलर आहेत. आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी "ढोंगी" म्हणायला नको.

पहिली गोष्ट. हे जाळं आम्ही समुद्रात शोधून काढलेलं नाही. १९५३ साली केरळात नीण्डकरेला नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला, तिथून यांत्रिक मासेमारी पसरली. मग परदेशात कोलंबीला भाव आला. आमच्या वडिलांच्या पिढीला सोसायटीमार्फत कर्ज देऊन यांत्रिक बोटी घ्यायला लावल्या, "प्रगत मच्छीमार" म्हणून सत्कार केले. आज तीच पिढी खलनायक?

दुसरी गोष्ट. नुसता ट्रॉलरच का? डोल जाळ्याच्या खोल्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बघितलीय का कोणी किती बारीक असते? त्यात जवळा येतो तशीच बोंबलाची आणि पापलेटची पिल्लंही येतात. पर्ससीनवाले (वेढा घालून जाळं आवळणारे), एलईडीवाले (दिव्याने मासळी गोळा करणारे) थवेच्या थवे उचलतात. त्यांच्यावर धागा कधी काढणार?

तिसरी. खोल पाण्यात गेलो तर डिझेल परवडत नाही, जवळ आलो तर दंड. खलाशांचा पगार, बर्फ, रेशन, जाळ्याची दुरुस्ती, हप्ता. एक ट्रिप तोट्यात गेली तर तिची भरपाई पुढच्या दोनांत करावी लागते. मग माणूस जिथे मासळी आहे तिथेच जाणार ना?

आणि हो, चौकोनी आसाचं जाळं मी लावलं आहे. पहिले काही दिवस खलाशी कटकट करत होते की माल निसटतो. पण बारीक मालाला भाव तरी काय मिळतो? फिशमीलच्या (कोंबड्या-कोलंबीच्या खाद्याच्या) गाडीवाला किलोला देतो त्यात डिझेलही निघत नाही. वेचायचा वेळ वाचला हा फायदाच.

भरतीओहोटी

@दर्याचा_लेक, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. डोलीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पिल्लांच्या बाबतीत डोल काही निर्दोष नाही. पण ती एका जागी खुंटाला बांधलेली असते आणि भरती-ओहोटीचं पाणी तिच्यात मासळी आणून टाकतं. तळावरून ती फिरत नाही. या धाग्याचा विषय तळ असल्याने तेवढा फरक करू या.

चौकोनी आसाच्या जाळ्याचंही तेच. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पात ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा खोला वापरात आणला गेला आणि चांगलंच झालं. ओढताना नेहमीची शंकरपाळ्यासारखी आस ताणून मिटते, चौकोनी उघडी राहते, त्यामुळे पिल्लं बाहेर पडतात. पण साखळी आणि फळ्या त्याच. पिशवीचा शेवट बदलला म्हणून पुढचं घासणं कमी होत नाही.

दर्याचा_लेक

हे मान्य. पण मग फळ्या बदलायचं तंत्र आणा आणि आम्हाला परवडेल असं करा. तळाला न टेकणाऱ्या फळ्या परदेशात आहेत म्हणे. हलक्या ओढतील तर डिझेलही वाचेल. कोणी दाखवलं तर मी पहिला लावीन.

गोंयकार_जुना

आमच्याकडे हा वाद सत्तरच्या दशकातला. ट्रॉलर आले आणि रापणकारांची रापण रिकामी येऊ लागली. रापण म्हणजे सगळा वाडा मिळून किनाऱ्यावरून ओढतो ते जाळं, त्यावर गावं चालायची. समुद्रात जाळपोळीपर्यंत गेलं प्रकरण. माथानी साल्ढाणांसारखे लोक पुढे होते, रापणकारांची संघटना उभी राहिली, आणि १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंत ट्रॉलिंग बंद. देशभरातल्या मच्छीमारांच्या चळवळीला इथून बळ मिळालं.

कायदा चाळीस वर्षांपेक्षा जुना आहे. पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलरचे दिवे बघायचे असतील तर संध्याकाळी कुठल्याही किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसा.

गाळातली_अळी

सागरी तळाच्या जिवांवरच काम करते, म्हणून नाव असं. (घरच्यांनी ठेवलेलं नाही.)

धागाकर्तीने दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यातले बहुतेक अभ्यास उत्तर समुद्र, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणचे. ते उचलून कोकणाला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे गुजरातेत वेरावळसमोर केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने प्रयोग करून पाहिले आहेत, केरळातही काम झालं आहे. त्यामानाने महाराष्ट्राच्या तळाकडे लक्ष कमी.

आणि आपल्या समुद्राची एक खोड आहे, ती युरोपात नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रातलं खालचं थंड, कमी प्राणवायूचं पाणी केरळ ते कोकण या पट्ट्यातल्या शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, चढतं. वरून नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे दोन थर मिसळत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी प्राणवायू बऱ्याच ठिकाणी जवळजवळ संपतो. हे नैसर्गिक चक्र आहे, जरी माणसाने टाकलेल्या खत-सांडपाण्याने त्यात भर पडत असली तरी. त्यामुळे आपल्या गाळात मुळातच लहान, लवकर पिल्लावणारे, धक्के सोसणारे जीव जास्त. म्हणजे "एका फेरीत इतके टक्के" हा आकडा इथे वेगळा येऊ शकतो, कदाचित कमीसुद्धा.

पण लगेच टाळ्या वाजवू नका दर्याचा_लेक. पश्चिम किनाऱ्याची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. बंदी उठते आणि ट्रॉलर बाहेर पडतात ते नेमके तळ गुदमरायला लागण्याच्या महिन्यांत. प्राणवायू कमी झाला की तळचे मासे आणि कोलंबी उथळ पाण्याकडे सरकतात, किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात गर्दी करतात. मासळी तिथे म्हणून बोटी तिथे. आधीच दम लागलेल्या तळावर, सगळी वस्ती एका कोपऱ्यात गोळा झालेली असताना साखळी फिरवायची. धागाकर्तीने "कुठल्या महिन्यात" म्हटलं ते मला यासाठी महत्त्वाचं वाटतं.

मुंबईचा_मासेखाऊ

बापरे. म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर स्वस्त कोलंबी येते म्हणून आपण उड्या मारतो ती ही?

गाळातली_अळी

सगळी नाही, पण काही हीच.

ससून_डॉकचा_जुना_गडी

तुम्ही लोक खडपाचे शेवंड म्हणताय, मी सँड लॉबस्टर सांगतो. चपटा, पुढे फावड्यासारखे दोन पंखे, वाळू-चिखलात राहणारा. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या ट्रॉलरना तो भरपूर यायचा आणि एक्स्पोर्टला जायचा. टोपल्याच्या टोपल्या उतरताना पाहिल्यात. १९९४ मध्ये तो बसला तो बसलाच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी यावर लिहिलं आहे. आताच्या पोरांना फोटो दाखवला तर "हा कुठला परदेशी प्राणी" म्हणतात.

गाळातली_अळी

हे उदाहरण चांगलं आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. सँड लॉबस्टर कोसळला तो मुख्यतः अतिमासेमारीने. अंडी असलेल्या माद्यांसकट सगळं उचललं गेलं, नवीन पिढी भरलीच नाही. तळाची मोडतोड हे वेगळं कारण, आणि ते सिद्ध करणं कठीण, कारण आधी तळ कसा होता याची नोंदच नाही. ट्रॉलरला दोन्ही चिकटतात म्हणून आपण एकच समजतो.

तळ बदलला म्हणून मासे बदलले याचं जगातलं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याचं. तिथे स्पंज आणि समुद्रपंख्यांनी भरलेला तळ होता आणि त्यात तांबोशीच्या जातीतले महाग मासे. सत्तरच्या दशकात तैवानच्या जोडबोटींनी तिथे जोरात ट्रॉलिंग केलं. स्पंज जाळ्यात येत येत संपले, महाग मासे घटले, आणि त्यांच्या जागी वाढले ते राणी मासा आणि चोर बोंबील यांचे भाईबंद. उघड्या, सपाट तळावर राहणारे. काही भाग बंद करून पाहिल्यावर लहान झाडोरा परत यायला लागला आणि मासेही.

दर्याचा_लेक

थांबा थांबा. राणी मासा? आमच्या जाळ्यात आज सगळ्यात जास्त तोच. सुरिमीला (माशाच्या लगद्याला) जातो. म्हणजे आम्हीच...?

गाळातली_अळी

तो निष्कर्ष तिकडून इकडे उडी मारून काढू नका. राणी मासा आपल्याकडच्या गाळ-वाळूच्या तळावर आधीपासून होताच, आणि बोटी खोल जाऊ लागल्या, सुरिमीमुळे भाव मिळाला, ही सरळ कारणंही आहेत. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे, एवढं नक्की. आपल्या शेल्फच्या बाहेरच्या भागात, जिथे गाळ संपून जुनी शंखशिंपल्यांची वाळू लागते, तिथे पूर्वी काय उगवलेलं होतं, हे तुमच्याच वडिलांच्या पिढीला विचारावं लागेल. पहिल्या ओढींत जाळ्यात काय काय घाण आली म्हणून शिव्या दिल्या, ते आठवायला सांगा. ती "घाण" म्हणजेच आम्हाला हवी असलेली नोंद.

दर्याचा_लेक

वडील म्हणायचे, खोलात पहिल्यांदा गेलो तेव्हा जाळ्यात "झाडं" यायची, काळी-पिवळी, आणि वास मारणारे मऊ गोळे. जाळं साफ करायला अर्धा दिवस जायचा. मग हळूहळू "जागा साफ झाली" म्हणायचे. खुशीत म्हणायचे.

गाळातली_अळी

काळी झाडं म्हणजे बहुधा समुद्रपंखे किंवा काळं प्रवाळ, मऊ गोळे स्पंज असावेत. "जागा साफ झाली" हे मी वहीत लिहून घेतलं आहे.

ब्रिस्टलची_वहिनी

आमच्या इकडचं थोडं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाचा भाग आहे, तिथे २००८ मध्ये सुमारे २०६ चौरस किलोमीटरमध्ये तळ ओढणारी जाळी आणि ड्रेज बंद केल्या. गळ, पिंजरे, साधी जाळी चालू ठेवली. काही वर्षांत गुलाबी समुद्रपंखे, मोठे शिंपले परत वाढले, आणि पिंजरे लावणारे छोटे बोटवाले आता या बंदीचे समर्थक आहेत. सुरुवातीला त्यांनीही आरडाओरडा केला होता.

आणि हा प्रश्न इथे इतका जुना आहे की हसू येतं. १३७६ मध्ये इंग्लंडच्या राजाकडे अर्ज गेला होता की एक नवीन जाळं आलंय, ते तळावरून इतकं जड फिरतं की पाण्याखालच्या जमिनीची फुलं नष्ट होतात, आणि इतके बारीक मासे येतात की लोक ते डुकरांना चारतात. साडेसहाशे वर्षं झाली!

मुंबईचा_मासेखाऊ

डुकरांऐवजी आता कोंबड्या आणि पाळलेली कोलंबी, बाकी अर्ज तसाच चालेल.

हवामानाचा_वारकरी

तुम्ही सगळे मोठा मुद्दा विसरलात. गाळात कार्बन साठलेला असतो. २०२१ मध्ये नेचरमध्ये आलं होतं की ट्रॉलिंगमुळे दरवर्षी जवळपास दीड अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे विमान वाहतुकीएवढा! सरळ बंद करा जगभर.

गाळातली_अळी

@हवामानाचा_वारकरी, तो आकडा पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा होता, हवेत गेलेल्या नव्हे. शिवाय त्यावर नंतर त्याच नियतकालिकात जोरदार आक्षेप आले, की गाळातला सगळा कार्बन सहज कुजणारा धरला आहे आणि त्यामुळे आकडा कितीतरी पट फुगला. मूळ गटाशी संबंधित शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये अंदाज दिला की सुटलेल्यापैकी ५५ ते ६० टक्के काही वर्षांत हवेत पोचतो. वाद चालू आहे. ज्यावर शास्त्रज्ञ अजून भांडत आहेत तो आकडा घेऊन मच्छीमारांसमोर उभे राहिलात तर ते एका प्रश्नात तुम्हाला गार करतील. बिळं बुजतात, अन्न जातं, आसरा जातो, हे पुरेसं आहे आणि त्यावर कोणाचा वाद नाही.

कोकणकडा_ते_खाडी

मग बंदी का नको पण? इंडोनेशियाने १९८० मध्ये केली, हाँगकाँगने २०१२ च्या शेवटच्या दिवशी केली, श्रीलंकेने २०१७ मध्ये. आपणच मागे का?

भरतीओहोटी

हाँगकाँगने बंदी करताना बोटी विकत घेतल्या, मालकांना आणि खलाशांना पैसे दिले, हे विसरू नका. तिथे तळाचे जीव परत वाढल्याचे अभ्यास आहेत. श्रीलंकेने बंदी केली आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूचे ट्रॉलर जातच राहिले, त्यावरून आजही अटका होतात. म्हणजे कागदावरची बंदी पुरत नाही आणि भरपाईशिवाय टिकत नाही.

आपल्याकडे तर निम्मं काम कायद्यात आहेच. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा किनाऱ्यालगतचा पाच ते दहा वावांपर्यंतचा पट्टा, जागेनुसार, ट्रॉलिंगला बंद ठेवतो. दहा वाव म्हणजे सुमारे १८ मीटर खोली. म्हणजे अळीताई म्हणाल्या तो गर्दीचा, कोलंबीची पिल्लं वाढणारा पट्टा कायद्याने आधीच राखीव आहे. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेला. जोडबोटींच्या ट्रॉलिंगला आणि एलईडीला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. नवीन कायद्याची मागणी करून आणखी दहा वर्षं घालवण्यापेक्षा हा पट्टा खरोखर मोकळा ठेवला तरी तळाला मोठा दिलासा मिळेल असं माझं मत. आधीच ओरबाडलेल्या खोल गाळात आणखी एक फेरी झाली तर नुकसान थोडं वाढतं. न ओढलेल्या जागी पहिली फेरी झाली तर पुष्कळ.

म्हणूनच मला आंग्रिया बँकेची जास्त काळजी. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला बुडालेलं पठार, माथ्यावर वीसेक मीटर पाणी, प्रवाळ अजून चांगलं. राज्याची हद्द १२ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर संपते, त्यामुळे तिथे राज्याचा कायदा चालत नाही. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने २,०११ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संरक्षणाच्या प्रस्तावाला मान्यता दिली होती, पण शेवटचा शब्द केंद्राचा.

कोकणकडा_ते_खाडी

मालवणचं सागरी अभयारण्य आहे ना, १९८७ पासून?

देवबागचो_न्हयवालो

असा. २९ चौरस किलोमीटर. आमका इचारल्याशिवाय केल्यानी म्हणान गावान इरोध केलो. गळ टाकणाऱ्याक आनी ट्रॉलरवाल्याक एकाच काठयेन हाकल्यानी तर कोण ऐकतलो? आमका इचारून, आमची न्हय आनी रापण चालू ठेवून, "तळ वडणारा जाळा हंयसर नाय" इतक्याच म्हटल्यानी तर गाव स्वता राखण करतलो.

दर्याचा_लेक

यावर मी न्हयवाल्यांशी सहमत आहे, हे स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत होणार नाही.

पण अंमलबजावणी एकट्या आमच्यावर नको. परराज्यातले मोठ्या इंजिनाचे ट्रॉलर रात्री येतात, ओढतात आणि पहाटे हद्दीबाहेर. आमच्या बोटीचा नंबर बंदरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे पावती आमची फाटते.

तांत्रिक_बाबी

यासाठी आता साधनं आली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला इस्रोच्या तंत्रावरचे ट्रान्सपाँडर देशभरातल्या एक लाख बोटींवर बसवायची योजना सुरू झाली. मूळ हेतू वादळाची सूचना आणि संकटकाळचा संदेश, पण बोट कुठे आहे हेही कळतं. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची पाळतही सुरू केली. ट्रॉलर ताशी तीन मैलांनी तासन् तास सरळ जात असेल तर तो प्रवास करत नाही, ओढतो आहे. वेगावरून कळतं. दहा वावांच्या रेषेच्या आत तसं दिसलं की संदेश जायला हवा. अवघड काहीच नाही, करायची इच्छा हवी.

दर्याचा_लेक

आणि यंत्र "बिघडलं" तर?

तांत्रिक_बाबी

तर यंत्र चालू असल्याशिवाय डिझेल परतावा नाही. एक महिन्यात सगळी यंत्रं दुरुस्त होतील.

दर्याचा_लेक

हे कोणी मंत्रालयात वाचत नसेल अशी आशा करतो.

मुंबईचा_मासेखाऊ

माझ्यासारख्याने काय करायचं ते सांगा. मासे सोडणार नाही, आधीच सांगतो.

ससून_डॉकचा_जुना_गडी

बाजारात पाटीवर लिहिलेलं नसतं, पण अंदाज येतो. सुरमई, मोठा सरंगा, हलवा बऱ्याचदा न्हयीचे किंवा गळाचे. बांगडा, तारली तळाचे मासेच नाहीत, पण ते पर्ससीनचेही असतात. राणी मासा, लेपा, म्हाकूल, मोठी कोलंबी यांत ट्रॉलरचा वाटा मोठा. कोळणीला विचारायचं, "मावशी, बोट कुठली?" नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर खरं सांगते. आणि तळहातापेक्षा लहान पापलेट घेऊ नका. तो आता आपला राज्य मासा आहे, २०२३ पासून, आणि किमान आकाराचा नियमही झाला आहे. पण खरं सांगू? गिऱ्हाइकाच्या निवडीने तळ वाचत नाही. तुम्ही नाही घेतलं तर हॉटेलवाला घेतो.

भरतीओहोटी

चर्चा छान झाली. एक काम करू या का? खडपं, रेतीचे पट्टे, शेवंडांच्या जुन्या जागा यांची गावागावातली नावं असतात, ती कुठल्याच सरकारी नकाशावर नाहीत. ज्यांना माहीत आहेत त्यांनी नाव, किती वाव, आणि पूर्वी तिथे काय मिळायचं एवढं इथे लिहा. मी आणि अळीताई मिळून नकाशा करू. आधी तळ कसा होता याची नोंद नाही म्हणत होतो, ती निदान आठवणीतून तरी होईल. @देवबागचो_न्हयवालो, सुरुवात तुम्ही करा.

देवबागचो_न्हयवालो

येडो झालंय काय मी? हंयसर नावां लिवलंय तर उद्याच थंयसर ट्रॉलर. दर्याचो लेक पण धागो वाचता मां. व्यनि (खाजगी निरोप) करतंय तुका.

दर्याचा_लेक

वाचतोय, वाचतोय. माझ्याकडच्याही जागा व्यनिनेच पाठवतो. जिथे वडिलांना "झाडं" मिळायची त्या.